लाइट लागल्यावर किती किलोमीटर? आधी ती पावती बघा

पत्र आलंय कराडहून, थोडं छाटून देते:

"ताई नमस्कार. आमची स्विफ्ट आहे, पेट्रोल, २०१९ ची. आमच्या ह्यांना सवय आहे, पेट्रोलचा लाइट लागला तरी गाडी पंपावर घालायची नाही, म्हणतात अजून साठ-सत्तर किलोमीटर बिनधास्त जाते. मागच्या महिन्यात मालवणला निघालो, हे, मी, सासूबाई आणि मुलगी, डिकी फुल्ल. कोल्हापूर सोडलं आणि कळ्याच्या पुढे लाइट लागला. स्क्रीनवर अजून ७२ किलोमीटर जाईल असं दाखवत होतं. मी म्हटलं मागे फिरू, हे म्हणाले पुढे बघू. पुढे एक पंप लागला तर तिथे पेट्रोल संपल्याची पाटी. ७२ चे ४० झाले, मग आकडा जाऊन नुसत्या रेघा आल्या. करूळ घाट ह्यांनी एसी बंद करून, गाडी न्यूट्रल टाकून उतरवला. सासूबाईंचा जप चालू, मुलगी रडायला लागली. वैभववाडीला पोचलो, टाकी फुल्ल केली, ३५.१ लिटर बसलं. आता ह्यांचं म्हणणं, बघ गेली ना पन्नासच्या वर, तू उगाच घाबरतेस. मला सांगा, लाइट लागल्यावर गाडी नक्की किती जाते? असं सारखं केल्याने गाडी खराब होते का, तळाचा कचरा इंजिनात जातो म्हणतात ते खरं का? सासऱ्यांची डिझेल बोलेरो आहे तिलाही हेच लागू का? आणि शेजारचे काका सीएनजी गाडीत पेट्रोलचा लाइट कायम लागलेलाच ठेवतात, ते चालतं का? गणपतीला परत जायचंय. मी खरंच घाबरट आहे का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही अजिबात घाबरट नाही. तुम्ही ३५.१ हा आकडा लक्षात ठेवून लिहिलात त्याबद्दल तर तुमचं खरंच कौतुक वाटलं, कारण बहुतेक लोक पत्रात "खूप घाबरलो हो" एवढंच लिहितात आणि मग मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं, इथे मात्र सगळा हिशोब त्या एका पावतीत आहे.

तुमच्या मॉडेलच्या स्विफ्टची टाकी ३७ लिटरची. त्यात बसलं ३५.१. म्हणजे वैभववाडीच्या पंपावर गाडी लागली तेव्हा टाकीत उरलं होतं १.९ लिटर. कागदावरची क्षमता आणि खरी क्षमता यात फरक असतो, नळीत थोडं जास्त मावतं, पंपवाल्याने नोझल कट झाल्यावरही टिचक्या मारून राऊंड फिगर केली असेल तर अजून थोडं, त्यामुळे लिटरभर इकडेतिकडे धरा. पण हा फरक धरूनसुद्धा चित्र बदलत नाही. आणि हे १.९ सगळं वापरता येत नाही. तळाशी अर्धा ते एक लिटर असं राहतं जे पंपाला नीट ओढता येत नाही, विशेषतः गाडी वळणावर कलंडली किंवा चढावर नाक वर करून उभी राहिली की पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. नवीन गाड्यांत पंपाभोवती एक छोटं भांडं असतं, त्यात थोडं पेट्रोल कायम धरून ठेवलेलं असतं म्हणून वळणावर लगेच गाडी बंद पडत नाही, पण तेही भांडं भरायला टाकीत काहीतरी हवं ना. तेव्हा तुमच्याकडे हिशोबात धरण्यासारखं साधारण एक लिटर उरलेलं होतं. एक लिटर! लहान मुलगी आणि वयस्कर बाई गाडीत असताना, घाटाच्या वाटेवर. तुमच्या ह्यांना हे असंच सांगा, आवाज न चढवता, पावती पुढे ठेवून.

आता मुख्य प्रश्न, किती जाते.

लाइट किलोमीटर बघून लागत नाही, टाकीतली पातळी ठराविक खुणेच्या खाली गेली की लागतो. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत ही पातळी साधारण टाकीच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे चार ते सहा लिटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीचं तुमच्याच आकड्यांवरून काढूया. कळे ते वैभववाडी पन्नास-पंचावन्न किलोमीटर धरा, गाडी भरलेली, रस्ता अर्धा बरा अर्धा उताराचा, सोळाचं अॅव्हरेज धरलं तर सव्वातीन लिटर जळलं. उरलेलं १.९ त्यात मिळवा, पाच लिटरच्या जरा वर. म्हणजे तुमच्या गाडीत लाइट लागतो तेव्हा पाच लिटर असतं. त्यातलं एक लिटर तळाचं सोडलं तर चार हातात. हे चार लिटर सपाट हायवेवर ऐंशीच्या आत चालवलंत तर साठ-पासष्ट किलोमीटर देतील, पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस-पंचेचाळीस, आणि घाट चढायचा असेल, गाडी भरलेली असेल, एसी चालू असेल तर तीस-पस्तीसला श्वास लागायला लागतो. लिटर तेच, किलोमीटर मात्र रस्त्याप्रमाणे दुप्पट-निम्मे होतात. म्हणून "आपली गाडी लाइटवर सत्तर जाते" हे वाक्यच अर्धवट आहे, कुठे जाते ते सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

आणि ह्यांनी जी पन्नास किलोमीटरची बढाई मारलीये ना, ती नेमकी कुठल्या रस्त्यावर, तर गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरताना. सह्याद्रीच्या माथ्यावरून पाच-साडेपाचशे मीटर खाली. त्या शेवटच्या टप्प्यात गाडीला पेट्रोल जवळजवळ लागलंच नाही, उताराने नेलं. हेच जर उलटं असतं, म्हणजे मालवणहून परत येताना वैभववाडीला लाइट लागला असता आणि हे म्हणाले असते की कोल्हापूरकडे बघू, तर? चार माणसं आणि सामान धरून तुमची गाडी साडेबाराशे किलोच्या आसपास भरते, तेवढं वजन साडेपाचशे मीटर वर उचलायला नुसतं पाऊण लिटर पेट्रोल जादा जातं, हे अंतर कापायला लागतं त्याच्या वर. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला आठाचंही अॅव्हरेज मिळत नाही. पुढे एखादा ट्रक गचके देत चढत असेल तर विचारूच नका. म्हणजे त्याच पाच लिटरमध्ये उतरताना पासष्ट आणि चढताना तीस-पस्तीस. ह्यांनी जो अनुभव घेतलाय तो सगळ्यात सोप्या दिशेचा घेतलाय आणि नियम सगळ्या दिशांना लावतायत, मला खरी काळजी याची वाटते.

स्क्रीनवरच्या ७२ चं पण सांगते. गाडीचा कॉम्प्युटर पुढचा रस्ता बघत नाही, तो मागचा बघतो. तुम्ही कराड ते कोल्हापूर हायवेने आलात, एका लयीत, गाडीने चांगलं अॅव्हरेज दिलं, त्या अॅव्हरेजने त्याने उरलेल्या लिटरला गुणलं आणि ७२ छापलं. मग रस्ता लहान झाला, गावं लागली, स्पीडब्रेकर, वळणं, अॅव्हरेज पडलं तसा आकडा कोसळला. तुम्ही साधारण तीस किलोमीटर गेला असाल आणि आकडा बत्तीसने कमी झाला हे तुमचं नशीब म्हणायचं, चढावर वीस किलोमीटरमध्ये चाळीस कमी होताना लोकांनी बघितलेलं आहे. आणि रेघा येणं म्हणजे गाडी सांगतेय की आता माझ्याकडे खात्रीचा आकडा नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे माणूस त्या आकड्याच्या भरवशावर राहू नये. रेघा आल्यावर पुढे किती जाईल असा अंदाज बांधत बसायचं नाही, जवळ जो पंप असेल तो, मागे असला तरी मागे.

काटा तरी इतका लहरी का असतो, तर ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. कधी गॅरेजमध्ये टाकीतून पंप बाहेर काढलेला दिसला तर जरूर बघा. प्लास्टिकच्या उभ्या डब्यासारखं ते असतं, खाली पांढरट कापडासारखी जाळी, आणि बाजूला एक वाकडी तार बाहेर आलेली, तारेच्या टोकाला काडेपेटीएवढा काळा तरंगणारा तुकडा. तो तुकडा बोटाने वर उचलला की तारेचं दुसरं टोक एका छोट्या पट्टीवर सरकतं, मेकॅनिकने मीटर लावलेला असेल तर आकडा बदलताना दिसतो, बास, हाच तुमचा पेट्रोलचा काटा. पेट्रोल हललं की तुकडा हलतो, गाडी चढाला लागली की टाकीतलं पेट्रोल मागे जातं आणि तुकडा कधी उगाच वर कधी उगाच खाली. काटा सारखा नाचू नये म्हणून गाडी तो मुद्दाम सावकाश हलवते. त्यामुळेच घाटात लाइट लागतो आणि सपाटीवर आल्यावर विझतो, लोकांना वाटतं चला पेट्रोल आहे अजून. एकदा लागलेला लाइट विझला तरी लागलेलाच धरायचा.

आणि ही जी "रिझर्व्हमध्ये एवढं जाते" म्हणायची सवय आहे ती बहुतेक जुन्या स्कूटर-मोटरसायकलवरून आलीये. तिथे कॉक होता, गाडी आचके द्यायला लागली की वाकून कॉक फिरवायचा, मग खालचं राखीव पेट्रोल चालू व्हायचं, आणि ते किती ते सगळ्यांना पाठ असायचं. ज्यांनी वीस वर्षं स्कूटर चालवली त्यांच्या अंगात ते भिनलंय, त्यात त्यांची चूक नाही. पण कारमध्ये कॉक नाही, आचका आला तर तो शेवटचाच, त्याच्या मागे काही राखून ठेवलेलं नाही.

आता न्यूट्रलचं. ताई, या एका गोष्टीसाठी मी तुमचं पत्र बाकीच्यांच्या आधी घेतलंय. घाट उतरताना गाडी न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की चांगले शिकलेले लोक करतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्याचा थोडाफार फायदा व्हायचा. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असेल आणि तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलात की इंजिनाला चाकंच फिरवत राहतात आणि गाडी पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करते. शून्य. न्यूट्रल टाकलंत की इंजिनाला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतं, छोट्या इंजिनाला तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे ह्यांनी घाटात पेट्रोल वाचवलं नाही, थोडं जाळलंच. वर ब्रेक सगळा पायावर आला. गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये ती मोकाट सुटते आणि सारखा ब्रेक दाबावा लागतो, ब्रेक तापले की धरत नाहीत.

आणि समजा त्याच उतारावर पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं असतं तर? ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिन चालू असल्यामुळे मिळते. इंजिन बंद झालं की एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं, दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगपण जड होतं. करूळसारख्या घाटात वळणावर हे झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळतंय. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा, हे एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे ते आजही तसंच्या तसं खरं आहे. पेट्रोल कमी असेल तर जास्तच खरं.

गाडी खराब होते का? एकदा-दोनदा लाइट लागल्याने काही होत नाही, तेवढं टेन्शन घेऊ नका, गाडी त्यासाठीच बनवलेली आहे. तळाचा कचरा ओढला जातो हे अर्धंच खरं, कारण पंप कायमच तळातून ओढतो, टाकी फुल्ल असली तरी, आणि त्याला जाळी आहे, पुढे फिल्टर आहे. खरं नुकसान वेगळं आहे. पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडून बसलेला असतो, विजेवर चालतो, तापतो, आणि त्याला थंड ठेवायचं काम ते पेट्रोलच करतं. कायम तळाशी पेट्रोल ठेवून गाडी चालवली, त्यात आपला मे महिना, की पंप तापत राहतो आणि लवकर जातो. आणि अगदी कोरडी पडेपर्यंत चालवली तर शेवटच्या आचक्यांमध्ये इंजिन नीट जळत नाही, अर्धवट जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो भाग महाग आहे. पावसाळ्यात अजून एक. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, इथेनॉल पाणी शोषतं, टाकी बराच काळ रिकामी ठेवली की आत दमट हवाच जास्त. तुम्ही कोकणात जाऊन आठ दिवस गाडी अंगणात उभी ठेवणार असाल तर भरून उभी करा. याच इथेनॉलमुळे अॅव्हरेजही थोडं कमी पडतं, एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा २०१९ ला गाडी नवीन असताना ह्यांनी जे अॅव्हरेज पाठ केलं असेल ते आज तसंच मिळेल असं धरू नका.

सासऱ्यांच्या बोलेरोचं मात्र कडक सांगते. डिझेल गाडी कोरडी पडू द्यायचीच नाही. पेट्रोल गाडीत संपलं तर चार लिटर ओतून चावी दोन-तीनदा फिरवली की बहुतेक वेळा सुरू होते. डिझेलमध्ये लाइनीत हवा शिरते, मग फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढावी लागते, नाही जमलं तर मेकॅनिक बोलवा, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते ते वेगळंच. आणि कॉमन रेलच्या, म्हणजे आताच्या इंजेक्शनवाल्या डिझेल गाड्यांत जो हाय प्रेशर पंप असतो त्याला वंगण म्हणून डिझेलच लागतं, वेगळं ऑइल नसतं. तो कोरडा फिरला की आतलं धातू घासतं, त्याचा चुरा पुढे इंजेक्टरमध्ये, आणि मग बिल काही हजारांवर थांबत नाही, दहा हजारांच्या पटीत जातं. तिची टाकी मोठी आहे, साठ लिटरची, लाइट लागला तरी उरतं बऱ्यापैकी, त्यामुळे गावाकडे लोक निवांत असतात. तिथे पाव टाकी हीच शेवटची खूण समजा.

आता गणपतीचं. तुमच्या घरात आज वाद चाललाय तो "किती जाते" यावर, आणि हा वाद कधीच मिटणार नाही कारण ह्यांची गाडी आजवर एकदाही बंद पडलेली नाही. तो विषय सोडून द्या. त्याऐवजी दोघांनी मिळून एक मोजणी करा, ह्यांनाही आवडेल, पुरुषांना गाडीचे आकडे काढायला आवडतात. पुढच्या वेळी कराडमध्येच, घराजवळ, लाइट लागला की सरळ पंपावर जायचं, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत भरायचं, वर टिचक्या नाहीत, पावती घ्यायची. ३७ मधून तो आकडा वजा. असं दोन-तीन वेळा केलं की तुमच्या गाडीचा खरा आकडा मिळेल. त्यातून एक लिटर सोडायचं, उरलेल्याला चांगल्या अॅव्हरेजने गुणायचं नाही, वाईटातल्या वाईट अॅव्हरेजने गुणायचं, दहा-अकराने. जे येईल ते कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. माझा अंदाज चाळीसच्या आसपास येईल. आणि लाइट लागल्यावर त्या चाळीसमधले निम्मे व्हायच्या आत गाडी पंपावर, कारण पहिल्या पंपावर पेट्रोल नसणं, बंद असणं, वीज जाणं हे होतंच, तुमच्याच वाटेवर झालं.

घाटाला मात्र हे सगळं लागू करायचं नाही. घाटाला एकच, पायथ्याशी किंवा माथ्याशी पोचताना अर्धी टाकी. जाताना कोल्हापुरातच भरा, ते शहर आहे, पंपांची कमी नाही, पुढे गगनबावड्याकडे पंप विरळ होत जातात. येताना घाट चढण्याआधी खालीच भरा, वर जाऊन बघू, असं नको. गणपतीत रस्ता तुंबतो हे मी कराडच्या माणसाला काय सांगणार, एसी चालू ठेवून गाडी तासभर जागेवर उभी राहिली तर जवळजवळ लिटर जातं, आणि मुलगी, सासूबाई असताना एसी बंद करा असं मी म्हणणार नाही. ताम्हिणी, आंबोली, आंबा, कुठलाही घाट घ्या, हेच. समृद्धी महामार्गावर तर अजून वेगळीच गंमत बरं का, तिथे मधेच खाली उतरता येत नाही, इंटरचेंज येईपर्यंत सरळच जावं लागतं आणि १२० ने पळवलीत तर अॅव्हरेज असं पडतं की लाइटनंतरचे साठ चाळीस होतात. तिथे चढायच्या आधीच टाकी भरायची.

लाइट लागलाच आणि पंप लांब आहे, तर साठ-पासष्टचा एकसारखा वेग ठेवा, वरच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर अलगद. ओव्हरटेक टाळा. एसी बंद करून दोन-चार किलोमीटर वाढतात, जास्त अपेक्षा नको. फोनवर मॅप उघडून जवळचा पंप शोधा आणि तिथे नंबर असेल तर फोन करून विचारा पेट्रोल आहे का, हे काम गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारी बसलेल्याने करायचं, म्हणजे तुम्ही.

आणि गाडी आचके द्यायला लागलीच तर इंजिन पूर्ण थांबायची वाट बघू नका. लगेच चारी इंडिकेटर, डावीकडे घ्या, गाडीत वेग आहे तोवरच रस्त्याच्या पूर्ण बाहेर सरळ जागेवर काढा. चावी पूर्ण बंद करून काढू नका, गाडी चालती असताना स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. थांबल्यावर हँडब्रेक, गिअर, आणि सगळे डाव्या बाजूने खाली उतरून रस्त्यापासून लांब. सासूबाईंना ऊन लागतं म्हणून गाडीत बसवून ठेवायचं नाही, मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी उभी आहे हे कळायला वेळ लागतो. डिकीतला लाल त्रिकोण पन्नास पावलं तरी मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. तो त्रिकोण कुठे आहे ते आजच जाऊन बघा, बऱ्याच घरात तो स्टेपनीखाली प्लास्टिकमध्ये पडलेला असतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, बाकी कुठेही ११२. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर ते काही लिटर पेट्रोल आणून देतात, फक्त पेट्रोलचे पैसे आपले. पॉलिसीत आहे का ते बघून ठेवा.

कोणाच्या बाईकवर बसून पंपावर जायची वेळ आली तर पाण्याची बाटली नेऊ नका, पंपवाला देणार नाही आणि देऊही नये. कायद्यात पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यातच न्यायला सांगितलंय, काचेचं असेल तर एक लिटरपर्यंतच, प्लास्टिक त्यात नाही. गाडीत भरलेला कॅन कायम ठेवायचा विचारही नको, उन्हात वाफ धरते. रिकामा धातूचा पाच लिटरचा कॅन डिकीत असू दे. आणल्यावर एक लिटर टाकून बघू नका, गाडी उतारावर किंवा चढावर उभी असेल तर एक लिटर पंपापर्यंत पोचतच नाही. चार-पाच टाका, चावी ऑन करून पाच सेकंद थांबा, पंपाचा बारीक घूं आवाज येईल, बंद करा, परत ऑन, असं तीन वेळा, मग सेल्फ.

राहिले शेजारचे काका. त्यांची गाडी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग सीएनजीवर जातात, काही गाड्याच थेट सीएनजीवर सुरू होतात. त्यातून काही गाड्यांत सीएनजीवर चालतानाही पेट्रोलचा पंप आत फिरत राहतो. काकांची गाडी तशी असेल तर त्यांचा पंप वर्षभर जेमतेम पेट्रोलमध्ये तापत पडलाय, आणि जे पेट्रोल आहे तेही महिनोन्महिने जुनं. सीएनजीच्या रांगेत तास मोडून नंबर लागायच्या आत गॅस संपला की त्यांना त्याच जुन्या पेट्रोलवर घरी यावं लागणार, आणि तेव्हा ते नाहीच निघालं तर गाडी रांगेतच. त्यांना सांगा, टाकीत कायम आठ-दहा लिटर पेट्रोल असू द्या, आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर बटण दाबून पेट्रोलवर चालवा, म्हणजे जुनं जळतं, नवीन भरलं जातं, इंजेक्टरही मोकळे राहतात. पहिले आठ-दहा लिटर आजच भरायला सांगा, गणपतीच्या आधी सीएनजीच्या रांगा अजून वाढतात.